पाण्याखाली ठेवलेली लाँच

आधी किसनदादा आणि सुभद्रावहिनी ही दोन नावं लिहितो, मग बाकीचं. बाकीचं वयामुळे उलटसुलट सांगितलं गेलं तरी चालेल, पण ही नावं मागे कुठेतरी यावीत असं मला वाटत नाही. मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे, धरणात गेलेल्या एका गावाला सरकारने नवी जागा दिली होती. त्या नव्या गावठाणात त्यांचं घर. मी त्यांचा कोणी नव्हतो. नात्याचा नाही, जातीचा नाही, जिल्ह्याचा नाही, बोलीचासुद्धा नाही. सातवीतून शाळा सोडलेला, रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा पोरगा होतो. सकाळी डोळे उघडले की आधी छपराकडे बघायचो आणि आपण घरी नाही हे आठवायचं. त्या दोघांनी मला सांभाळलं, आणि एका उन्हाळ्यात माझ्या शब्दाखातर स्वतःची भाकरी पणाला लावली. ते कसं झालं ते सांगतो.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जिकडेतिकडे धरणं उठत होती. आमच्या धरणाच्या पाण्यावर पाहणीसाठी खात्याने एक जुनी लाँच आणली होती. मुंबई बंदरात बरीच वर्षं फिरलेली, सगळी सागवानी, मधोमध केबिन, केबिनला काचेच्या खिडक्या, आत समोरासमोर दोन बाकं आणि मागे इंजिनाचा खड्डा. मलकापूर स्टेशनात ती मालगाडीवरून उतरली आणि तिथून ट्रकवर चढवून आणली, तेव्हा वाटेतल्या गावांमधून माणसं कामं टाकून रस्त्यावर उभी होती. त्यांनी तिला जहाज म्हणायला सुरुवात केली आणि मी जहाजवाला पोऱ्या झालो. लाँच चालवायला आमच्याच गावचे बाबूतात्या तांडेल आले होते. त्यांनी मला खलाशी म्हणून बरोबर घेतलं. माझे मामा होड्या बांधायचे, त्यांच्या हाताखाली मी काही काम केलेलं होतं, तेवढीच माझी लायकी. वडील गेलेले, घरी आई आणि धाकट्या बहिणी. निघताना आई एवढंच म्हणाली, "कसाही राहा, पण कायम हो." खात्यात कायम होणं म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पण तो शब्द मी मनात घट्ट धरून ठेवला होता.

किसनदादा धरणावर चौकीदार होते. त्यांचं वावर पाण्याखाली गेलं, त्या बदल्यात हे काम मिळालेलं. तात्या आणि मी आधी गोदामात झोपायचो, स्टोव्हवर काहीतरी शिजवायचो. एकदा मला ताप भरला तेव्हा दादा मला उचलूनच घरी घेऊन गेले, आणि तिथून परत गोदामात राहायला मी गेलोच नाही. मातीचं दोन खणांचं घर, भिंती अजून ओल्या वासाच्या, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. धर्म घेतल्याला फार वर्षं झालेली नव्हती. संध्याकाळी दादा हातपाय धुऊन वंदना म्हणायला बसायचे. शब्द नवे, जिभेला सवय नाही, अडखळले की मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. वहिनी चुलीपुढून हळूच म्हणायच्या, "आज लवकर अटकली गाडी." मग दोघंही हसू दाबायची. खात्यातल्या एका कारकुनाने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तू त्यांच्याकडे जेवतोस?" मी म्हटलं, "हो." तो आपल्या टेबलाकडे परत गेला.

पहिले काही दिवस मला तिथलं जेवण गिळवत नसे. ज्वारीची भाकरी, लाल ठेचा, बेसन, कधी अंबाडीची भाजी. मी भातावर आणि मासळीवर वाढलेला. ताटात बोट फिरवत बसलो की वहिनी ओरडायच्या, "काऊन बे, काय शोधून राह्यला त्याच्यात? मासोयी? मासोयी नाई म्हनून मानूस मरत नाई. खाय मुकाट्यानं!" आणि मग बाजाराच्या दिवशी कुठूनतरी मूठभर तांदूळ आणून माझ्यापुरता भात टाकायच्या, दादांना न विचारता. वहिनी माझ्याहून सात-आठ वर्षांनीच मोठ्या असतील. पण मला त्या आईसारख्या वाटायच्या, बहुतेक त्यांच्या ओरडण्यामुळे. आज माझ्या घरी सुना आहेत, सगळं आहे, पण भाकरी थापल्याचा तो आवाज मी अजून ऐकायला जातो. कुठे हॉटेलात बाई भाकरी थापताना दिसली की थोडा वेळ उभा राहतो.

त्या वर्षी लाँचची मोठी दुरुस्ती निघाली. जुनं पेट्रोलचं इंजिन धाप टाकत होतं, ते काढून नवं डिझेलचं बसवायचं होतं. केबिनचं छप्पर नवं करायचं, खिडक्यांच्या चौकटी बदलायच्या, तळ खरवडून रंगवायचा. मृग लागायच्या आत मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि त्यांना लाँचमधून फिरवायचं होतं. तात्यांनी फाल्गुनात लाँच बैलांनी काठावर ओढून घेतली, बाभळीच्या ओंडक्यांवर नीट टेकवली, जुनं इंजिन उतरवलं आणि मला सांगितलं, "तळ घासून काढ आणि तिला चांगलं ऊन खाऊ दे. मी शिमग्याला जाऊन येतो." कोकणातला माणूस शिमग्याला घरी जातो त्यात कोणाला काही वाटलं नाही. तात्या गेले ते गेलेच. गावाहून निरोप आला, तिकडचं ऊन सोसत नाही, मी येत नाही, पोरगा सांभाळील.

तिला ऊन खाऊ दे हे तात्यांचं सांगणं खोटं नव्हतं. आमच्याकडे होडी अशीच वर काढतात, झावळ्यांखाली ठेवतात, महिना-महिना ठेवतात. पण आमच्याकडच्या हवेत पाणी असतं. इथे चैत्रातला वारा भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा यायचा, वहिनींनी खाटेवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या दुपारपर्यंत खडखडीत व्हायच्या. मी मन लावून तळ घासला, इंजिनाची नवी बैठक केली, छप्पर घातलं. दुपारी काम करताना लाकडातून टक्‌ असा आवाज यायचा. थोडं थांबून पुन्हा टक्‌. मला वाटायचं, वर पाखरं चोच मारताहेत. मग एकदा बैठकीचे बोल्ट आवळायला केबिनच्या फळ्यांखाली उताणा शिरलो, आणि माझ्या पोटावर उन्हाच्या रेघा पडलेल्या दिसल्या. एक नाही, ओळीने. बाजूच्या फळ्या आकसून एकमेकींपासून सुटल्या होत्या. एका फटीतून बाहेर उभा असलेला दादांचा बैल दिसत होता.

मी तसाच पडून राहिलो. बाहेर यायचा धीर होईना.

धरणावरचे ओव्हरसियर पुण्याकडचे होते, वाईट माणूस नव्हे. पण साहेबांची तारीख त्यांच्याही डोक्यावर होती. मी सांगितल्यावर त्यांनी वाकून आत पाहिलं, घाम पुसला आणि रस्त्याच्या कामावरचे डांबराचे पिंप मागवले. "कापूस ठासून भरा, वर डांबर ओता. एक किरण आत येता कामा नये."

मी म्हणालो, "साहेब, ठासून नको."

"का नको?"

मामांच्या हाताखाली पाहिलेलं होतं, सांगायची सवय नव्हती. कोरडी फळी पाण्यात गेली की फुगते. फट कोंबून भरली असली तर फुगायला तिला जागाच उरत नाही. मग फळ्या एकमेकींना रेटतात, खिळ्यांसकट बोटीच्या आतल्या लाकडी बरगड्यांवरून उचकटतात, आणि बोट कायमची जाते. एवढं सगळं मी कसंबसं सांगितलं. ओव्हरसियर म्हणाले, "मग तुझं काय म्हणणं आहे? अशी चाळणी पाण्यात सोडायची?"

"हो," मी म्हणालो. "बुडवायची. दगड भरून बुडवून ठेवायची. लाकूड आपोआप मिटेल."

ते म्हणाले, "सरकारी लाँच मी माझ्या हाताने बुडवू? आणि वर नाही आली तर साहेबांना काय सांगू, एका खलाशाने सांगितलं म्हणून?" त्यांनी मला संध्याकाळपर्यंत विचार करायला सांगितलं. उद्या सकाळी कापूस ठोकायला हात लावायचा, नाहीतर हजेरीपटावरून नाव कमी.

त्या दुपारी मी पिशवी भरली. मलकापूरची एसटी गाठायची, तिथून रेल्वे, पुढचं पुढे. वहिनींनी पिशवी पाहिली आणि दादांना हाक मारली. दादा अंगणात गाडीच्या चाकावर पाणी ओतत होते. उन्हाळ्यात तिकडे सगळेच चाकं भिजवत ठेवतात, नाहीतर लोखंडी धाव सुटते. हात पुसत ते आत आले.

"काय बे, कोठी चालला?"

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडायलाही लागलो.

"रडून काय राह्यला? खरं सांग मले. मामानं तुह्या बुडवलेलं डोळ्यानं पाह्यलं का आयकेल हाय?"

"पाहिलंय."

"मंग वर आलं होतं?"

"आलं होतं. पण ती होडी होती दादा. एवढी मोठी नव्हती. आणि एवढी सुकलेली तर नव्हतीच."

दादा उंबऱ्यावर बसले. विडी पेटवली. मग म्हणाले, "बुडवून वाचवाचं. हे पहिल्यांदा आयकून राह्यलो. आमचं गाव बुडवलं त्याले त कोनी वर नाई काढलं." वहिनी म्हणाल्या, "त्या लेकराले काऊन बोलता ते? त्यानं बुडवलं का?" दादा म्हणाले, "त्याले नाई बोलून राह्यलो." आणि टोपी घालून ते निघाले. मला म्हणाले, "चाल."

ओव्हरसियरसमोर दादा जे बोलले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. "साहेब, येत्या बजारापर्यंत त्याले करू द्या, जसं म्हनते तसं. जहाज वर नाई आलं त त्याले काई बोलू नका. मले धरा. चौकीदारी दुसऱ्या कोनाले देऊन टाका." ओव्हरसियर म्हणाले, "किसन, तुझ्याकडे दुसरं काय आहे रे?" दादा म्हणाले, "काईच नाई, म्हनून त हे सांगून राह्यलो." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नको दादा, मला खात्री नाही. पण मी दादांच्या मागे तसाच उभा राहिलो. ओव्हरसियरांनी खिडकीबाहेर पाहत होकाराची मान हलवली.

लाँच पाण्यात नेण्याआधी दोन दिवस आम्ही वाती केल्या. वहिनी आणि शेजारच्या बाया मांडीवर कापूस वळून लांबच लांब वाती करायच्या, मी त्या जवसाच्या तेलात बुडवून फटीत नुसत्या बोटाने बसवायचो, ठोकायच्या नाहीत. लाकूड फुगलं की त्याला दबायला मऊ काहीतरी असावं एवढंच. मग दादांचे बैल आणि गावातले आणखी दोन जोड जुंपून लाँच उताराने खाली नेली. पाणी उन्हाळ्याने मागे हटलेलं, मधला सगळा गाळ भेगाळलेला. काठावर सगळं गाव जमलं होतं. पाण्यात शिरल्याबरोबर तिच्या दोन्ही बाजूंनी धारा आत यायला लागल्या. मी आणि दादा आत दगड रचत होतो. ती हळूहळू खाली बसत गेली, बाकं गेली, आणि पाणी खिडक्यांच्या खालच्या चौकटीला येऊन थांबलं. खिडक्या आणि नवं छप्पर एवढंच वर राहिलं.

"कोकन्या, हे जहाज वरून चालवतेत का खालून?" काठावरून उत्तम नावाचा एक गडी ओरडला.

"बंगला बांधला त्यानं मास्यायसाठी!" दुसरा.

"किसनभाऊ, तुमीबी घ्या एक खोली त्याच्यात!"

दादा छातीभर पाण्यात उभे होते. म्हणाले, "घेतो न. तुह्या घरापरीस थंड राहीन." लोक हसले. मला हसू आलं नाही.

मग नुसतं थांबणं. मला त्या दिवसांबद्दल फारसं सांगता येणार नाही, कारण केलं काहीच नव्हतं. काठावर बसायचं आणि त्या छपराकडे बघायचं. एका दुपारी वावटळ आली, लाटा उठल्या, एक काच फुटल्याचा आवाज आला आणि छप्पर एका अंगाला कललं. मी धावत पाण्यात गेलो, हाताने चाचपलं. दगड हलले होते, बाकी ठीक होतं की नव्हतं ते कळायला मार्ग नव्हता. वहिनी फडक्यात भाकरी आणायच्या. मी खात नसे, तर त्या तिथेच बसून राहायच्या, मी घास घेईपर्यंत. ओरडत नव्हत्या. त्यावरून मला कळलं की त्यासुद्धा घाबरल्या आहेत. दादा ड्यूटी संपली की माझ्याशेजारी येऊन बसायचे, विडी ओढायचे. लाँचचं नावही काढायचे नाहीत. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीच्या, कुठल्या तरी बैलाच्या, वडनेर भोलजीकडच्या पाहुण्यांच्या गोष्टी सांगायचे. आता वाटतं, ते मला नव्हे, स्वतःला सांगत असतील.

बाजाराच्या आदल्या सकाळी मी दगड काढायला बुडी मारली. गावातली माणसं रॉकेलचे डबे, बादल्या, जे हाती लागेल ते घेऊन आली. उत्तमसुद्धा आला आणि सगळ्यांत पुढे उभा राहून उपसू लागला. दगड निघाले तशी लाँच थोडी थोडी हलकी झाली, बैलांनी दोर ताणून तिला उथळात घेतली, आणि पाणी उपसणं चालू झालं. आतलं पाणी बाकांच्या खाली गेलं. गुडघ्याच्या खाली गेलं. तळाच्या फळ्या दिसल्या. मी ओरडलो, "थांबा!" सगळे डबे थांबले. बाहेर लाँचभोवती कमरेएवढं पाणी, आत काही नाही. मी गुडघ्यावर बसून जिथून बैल दिसला होता त्या फळीवर हात फिरवला. फट नव्हती. दोन फळ्या अशा मिटल्या होत्या की मधली वात दाबून धाग्यासारखी झाली होती.

तेवढ्यात ओव्हरसियर बूट हातात घेऊन पाण्यातून आले. आत चढले, खिशातला रुमाल काढून त्यांनी तळाच्या कोपऱ्यात दाबला, बाजूला दाबला, मागे दाबला. एका जागी पाझर होता, बारीक. "एवढा चालतो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "एवढा आमच्याकडे नव्या बोटीलाही असतो." ते तसेच बाकाच्या कडेला टेकले. थोड्या वेळाने बाहेर बघून म्हणाले, "किसन, तुझं काम तुझ्याकडेच." दादा म्हणाले, "हाव साहेब." आणि पाठ फिरवून बैल सोडायला गेले. बैल सोडायला त्यांना फार वेळ लागला.

इंजिन बसलं, रंग झाला, फुटलेली काच बदलली. साहेब यायच्या आदल्या दिवशी लाँच चालवून बघायची होती. दोर धरायला दादा हवे होते म्हणून ते आत. वहिनी काठावर नवं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी एक पाय फळीवर ठेवलाही. शिपाई म्हणाला, "बायांना नाही. हे साहेबांसाठी आहे." मी ओव्हरसियरांकडे पाहिलं, ते इंजिनाकडे वाकलेले होते. मीही सुकाणूकडे वळलो. वहिनींनी पाय मागे घेतला आणि म्हणाल्या, "जाय, जाय. मले काय त्याचं."

पाण्याच्या मधोमध गेल्यावर दादा माझ्याजवळ आले. "पोऱ्या, इथं बंद कर जरासं." मी इंजिन बंद केलं. लाँच आपल्या वेगाने थोडी पुढे सरकून थांबली. दादांनी टोपी काढली. "हे खाली वावर हाय. अन् तिकडं, थोडं पुढं, घर." पाण्यात काही दिसत नव्हतं. दादा लाँचच्या कडेवर ओणवे होऊन बराच वेळ बघत राहिले, मग टोपी घालून म्हणाले, "चाल."

परत आल्यावर वहिनींनी विचारलं, "दिसलं काय?"

"पानी दिसलं."

"नुसतं पानी? मंग येवढा येळ काऊन थांबले तिथं?"

दादा दोर गुंडाळायला लागले. वहिनी त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. घर त्यांचंही होतं, आणि कुठे थांबलो ते ठिकाण त्यांना काठावरून नेमकं कळत नव्हतं.

पावसाळा संपता संपता मी कायम झालो आणि लगेच माझी बदली दुसऱ्या धरणावर झाली. नवा तांडेल आला. मी निघताना दादांच्या पायाला हात लावला तर त्यांनी पाय मागे घेतले आणि खांदा दाबला. त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आईला मी लिहिलं की मी कायम झालो, पण कोणामुळे झालो हे लिहायचं राहून गेलं. तिला लिहायला मी बसलो की शब्द जमत नसत. दादा गेल्याचं मला फार उशिरा कळलं, जाणं झालं नाही. लाँचही केव्हाच लिलावात निघून तिची लाकडं झाली.

वहिनी आता उंद्रीला लेकीकडे असतात. गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाने फोन लावून दिला. आवाज ओळखायला त्यांना वेळ लागला, मग एकदम म्हणाल्या, "जेवतं काय रे बराबर?" मी विचारलं, वहिनी, धरणाच्या पाण्यावर कधी गेलात का तुम्ही नंतर? त्या म्हणाल्या, "कोन नेनार होतं? अन् आता डोये कोठी राह्यले."

तिथे आता मासेमारीच्या होड्या असतात म्हणे. दिवाळी झाली की पाणी भरलेलं असतं आणि वारा पडलेला असतो. वहिनी, मी येतो. माझे गुडघे दुखतात, पण वल्ही अजून मारता येतील. नाहीतर कोणाला तरी मारायला लावीन, पण होडीत तुमच्या शेजारी मीच बसेन. दादांनी मला कुठे थांबवलं होतं ते मी विसरलेलो नाही. तिथे नेऊन होडी थांबवीन, आणि खाली काय आहे ते तुम्ही मला सांगा, चूल कुठे होती, दार कुठल्या बाजूला होतं, सगळं. तुम्ही पुरे म्हणेपर्यंत होडी हलणार नाही. तुमच्या दोघांचं माझ्यावर जे देणं आहे त्यातलं एवढं तरी मी देईन. दिवाळीपर्यंत फक्त तब्येत सांभाळा.